आखाजीची वही

या आखाजीला मला झोक्यासाठी बोलावलेलं नव्हतं.
फोनवर अण्णा म्हणाले, आधार कार्ड आण, फोटो दोन,
आणि उगाच खोकले.

ओसरीवर सतरंजी. टेबलफॅन हितेंद्रच्या तोंडाकडे.
फळीवर, केळीच्या पावत्या टोचलेल्या तारेशेजारी
हक्कसोडाचा कागद, टाइप करून आलेला,
माझ्या नावातली शेवटची वेलांटी चुकलेली.

अण्णांनी दोनशे पानी वही उघडली.
एका पानावर एक वर्ष.
२०२६: खालच्या पाच एकरांत कांदेबाग, पाच बाय पाच.
२०२८: पश्चिमेला शेवरीची दाट ओळ,
मे महिन्याचा वारा पानांच्या चिंध्या करतो.
२०३१: ठिबकच्या नळ्या बदलणे.
२०३३: मी नसलो तर पालाश आहे तेवढंच द्यावं, वाढवू नये.
सगळं एकाच निळ्या शाईत.
‘नसलो’पाशी पेन थांबल्याची खूण नाही.

ललित म्हणाला, केळी सोडा आता, हळद करू.
हरण्यानं गेल्या साली दीड हजार झाडं
त्यानंच उपटून पुरली होती.
हितेंद्रनं पुण्याहून सोलर कंपनीचा करार आणलेला,
एकरी भाडं, तीस वर्षं, घाम नाही.
दोघांचंही खोटं नव्हतं.
अण्णांनी पान उलटलं.

पायरीवर सुभान तडवी, एकतिसावं साल संपवून.
त्याचं साल आजच संपतं नि आजच लागतं,
मधे फक्त मांड्यांचं एक जेवण.
कोणतं पील राखायचं ते अजून त्यालाच विचारतात.
“रुंद पानाचं दिसतं झ्याक,” तो बाहेरूनच म्हणाला,
“पन त्याले बूड नसतं.
तलवारीवानी निमुळतं असंल, ते ठेवा.”
हितेंद्रनं शर्टाची कॉलर सारखी केली.

मग कोरी पानं. वर नुसती वर्षं घातलेली,
आखून ठेवलेल्या सऱ्यांसारखी, थेट २०४९ पर्यंत.
तेव्हा अण्णा एकशे एक वर्षांचे होतील.

पेन माझ्यापुढे आलं, टोपण आधीच काढलेलं.

मी म्हटलं, मला विहीर द्या.
“कोनती?”
सुपडूआजाची.

बहात्तरच्या दुष्काळात सुरुंग लावून खणलेली, साठ हात.
आता तिच्यात कुजक्या नळ्या, खताच्या गोण्या,
कपारीत पारवे.
बोअर सातशे फुटांवर गेला
तेव्हापासून कोणी वाकून बघितलं नाही.
“तिच्यात काय आहे, ताई?” ललित हसला.

मी पावतीच्या पाठीवर नाला काढला,
जो दर पावसाळ्यात बांध फोडून
आपली माती घेऊन सुकी नदीला मिळतो.
इथे वळवायचा. इथे दगड, इथे वाळू,
गाळून तिच्यात सोडायचा.
दहा वर्षं लागतील. पंधरा.
काहीच नाही झालं, असंही होईल.

अण्णा बराच वेळ त्या नाल्याकडे बघत होते.
“अन् पाणी लागलं, तं कोनाचं?”
पाळीनं घेऊ.
“कोनाकोनाची पाळी?”
मी पायरीकडे बघितलं.
सुभाननं विडी विझवली, उरलेली कानावर ठेवली.
फॅन फिरत राहिला.

सही झाली नाही. नाही असंही कोणी म्हणालं नाही.
जेवणं झाली, रस संपला, झोक्यावरच्या पोरी घरी गेल्या.
जाता जाता कागदावरची वेलांटी तेवढी मी दुरुस्त केली.

रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा
वही दिव्याखाली उघडी होती.
२०४९: विहीर, वैजयंती. पाळ्या चार.
एक, दोन, तीन, पुढे आमची नावं, शाईनं.
चारपुढे नाव नव्हतं.
पेन्सिलीचा एक ठिपका होता,
गिरवून गिरवून
कागद तिथे पातळ झालेला.